चेंडूची साल सपाट का होत नाही? : वक्र पृष्ठभागापासून कापायच्या नमुन्यापर्यंत



पाचवीच्या गणितात आपण ‘त्रिमितीय वस्तू व घडणी’ शिकवतो. खोका उलगडला की सहा चौकोन मिळतात. ते कापा, दुमडा, चिकटवा, पुन्हा खोका तयार. दहावीत ‘महत्त्वमापन’ येतं, तिथे शंकू, वृत्तचिती, शंकुछेद आणि गोल येतात. पण मधला एक साधा प्रश्न कुठेच नीट विचारला जात नाही. खोक्याची घडण काढता येते, शंकूची येते, मग चेंडूची घडण का दाखवत नाहीत?

हल्ली संगणकावर चेंडू, हेल्मेट, बुटाचा वरचा भाग असं काहीही तयार करता येतं आणि एक बटण दाबलं की त्याचा ‘सपाट नमुना’ पडद्यावर येतो. मुलांना वाटतं, यंत्राने प्रश्न सोडवला. मग कागद कापून जोडायला बसलं की कडा जुळत नाहीत, कुठे फुगा येतो, कुठे फट राहते. यात सॉफ्टवेअरचा दोष नसतो. त्या बटणामागे एक निर्णय असतो आणि तो कुणीतरी घ्यावाच लागतो. तो निर्णय मुलाने स्वतः, कारण सांगून घ्यावा, एवढ्यासाठी हा पाठ.

इयत्ता : ८ वी ते १० वी (पहिला भाग ६ वीलाही जमतो)
वेळ : तीन तासिका
साहित्य : एक संत्रं, कागद, कात्री, डिंक, दोरा, पट्टी, गोल चेंडू; तिसऱ्या तासिकेला एक संगणक आणि प्रिंटर

१. पहिली तासिका : कोणता पृष्ठभाग उलगडतो?

एक कागद घ्या आणि गुंडाळा. वृत्तचिती झाली. वर्तुळपाकळी कापून गुंडाळा. शंकू झाला. दोन्ही वेळा कागद फक्त वळला. कुठे ताणला नाही, कुठे आकसला नाही. म्हणून उलट दिशेनेही तो बिनतक्रार सपाट होतो. अशा पृष्ठभागांना आपण ‘उलगडणारे’ म्हणू.

शंकूचा हिशोब मुलांकडूनच करून घ्या. तळाची त्रिज्या ६ सेमी आणि तिरकस उंची १८ सेमी असेल, तर पाकळीचा कोन = ३६० × ६ ÷ १८ = १२० अंश. वाढदिवसाची टोपी करायला एवढं पुरतं.

आता कागदी पेला, म्हणजे शंकुछेद. वरची त्रिज्या ४ सेमी, खालची ३ सेमी, तिरकस उंची ९ सेमी. ९ सेमी अंतरात त्रिज्या १ सेमीने कमी होते, तर ४ ची शून्य व्हायला ३६ सेमी लागतील. म्हणजे पूर्ण शंकूची तिरकस उंची ३६. कोन = ३६० × ४ ÷ ३६ = ४० अंश. नमुन्याचा बाहेरचा कंस ३६ सेमी त्रिज्येचा आणि आतला २७ सेमी त्रिज्येचा. बरीच मुलं पेल्यासाठी सरळ आयत कापतात. त्यांना आधी तसंच कापू द्या आणि पेला का होत नाही ते बघू द्या. नमुना वाकडा का असतो हे त्यांना मग वेगळं सांगावं लागत नाही.

पत्र्याचं नरसाळं करणारा कारागीर हेच करतो. आयटीआयच्या ‘शीट मेटल वर्कर’ या ट्रेडमध्येही अशी उलगड काढायला शिकवतात.

आता संत्रं सोला. सालीचा एक मोठा तुकडा, वाटीसारखा, टेबलावर ठेवून तळहाताने दाबा. कडेला चिरा पडतात. मुलांना विचारा : चिरा कडेलाच का? मध्ये का नाहीत?

२. ४४ आणि ६९ : सगळा पाठ या दोन आकड्यांत आहे

७ सेमी त्रिज्येचा चेंडू घ्या. त्याच्या डोक्यावर एक बिंदू मानून तिथून पृष्ठभागावरून खाली ‘विषुववृत्ता’पर्यंत दोरा लावा. ही लांबी परिघाचा चौथा भाग. परीघ ४४ सेमी (पाय = २२/७), म्हणून दोरा ११ सेमी.

आता हाच ११ सेमीचा दोरा कागदावर ठेवा आणि त्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्याचा परीघ किती? २ × २२/७ × ११ = सुमारे ६९ सेमी.

म्हणजे मध्यापासून ११ सेमी चालत गेलं, तर सपाट कागदावर ६९ सेमीचा घेर मिळतो आणि चेंडूवर फक्त ४४ सेमीचा. फरक २५ सेमीचा. सपाट कागदाने चेंडूचा वरचा अर्धा भाग झाकायचा तर कडेचा २५ सेमी कागद जास्तीचा होतो. उलट, चेंडूची साल सपाट करायची तर कडेला २५ सेमी कमी पडतात, म्हणून साल कडेला फाटते.

घोड्याच्या खोगिरासारख्या आकारात याच्या बरोबर उलट होतं. तिथे घेर सपाट कागदापेक्षा जास्त असतो. फ्रॉकची झालर आठवा : कडेला कापड जास्तीचं घातलेलं असतं, म्हणून ते लाटांसारखं वर-खाली होतं.

कार्ल फ्रेडरिक गाउस याने १८२७ मध्ये हे सिद्ध करून ठेवलं. पृष्ठभागाची एक विशिष्ट वक्रता अशी असते की न ताणता, न फाडता कितीही वाकवलं तरी ती बदलत नाही. सपाट कागदाची ही वक्रता शून्य. वृत्तचिती आणि शंकूचीही शून्य, म्हणून ती उलगडतात. गोलाची शून्य नाही, म्हणून तो कधीच उलगडणार नाही, आज नाही आणि पुढचं कितीही भारी सॉफ्टवेअर आलं तरी नाही. गाउस या निष्कर्षावर इतका खूश होता की त्याने त्याला लॅटिनमध्ये ‘विलक्षण प्रमेय’ असंच नाव दिलं.

३. दुसरी तासिका : जास्तीच्या २५ सेंटिमीटरचं काय करायचं?

या प्रश्नाला फक्त तीन उत्तरं आहेत. गंमत म्हणजे तिन्ही आपल्या घरात आणि गावात सापडतात.

कापा. कळ्यांचा परकर किंवा घेरदार झगा शिवताना कापडाच्या निमुळत्या कळ्या कापून जोडतात. कटोरी ब्लाउजला गोलाई देण्यासाठी वेगळे तुकडे कापतात. पृथ्वीचा गोल तयार करतानाही लांबट फाका छापून चिकटवतात. १५०७ मध्ये मार्टिन वाल्डझेमुलर याने छापलेल्या छोट्या पृथ्वीगोलाच्या अशा १२ फाका आहेत आणि ‘अमेरिका’ हे नाव असलेल्या सर्वांत जुन्या छापील नमुन्यांपैकी तो एक आहे.

दुमडा. उकडीच्या मोदकाची पारी आठवा. पारीच्या कडेचा घेर मोठा आणि मोदकाचं तोंड लहान. मधला जास्तीचा घेर आपण चिमटीने कळ्या पाडून जिरवतो. ब्लाउजचे टक्स हेही तेच काम करतात : कापड कापत नाहीत, दुमडून आत घेतात. शिवणातली ‘कळी’ आणि मोदकातली ‘कळी’ एकाच अडचणीवरचे दोन उपाय आहेत, एक कापण्याचा आणि एक दुमडण्याचा.

ताणा किंवा आकसवा. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर तांब्याच्या सपाट पत्र्याला ठोके देऊन खोलगट भांडं घडवतात. तिथे पत्रा कापलेला नसतो, त्यात घडीही नसते. धातू स्वतः पसरतो आणि आकसतो. रबर, चामडं, विणलेलं कापड यांनाही हे थोडंफार जमतं. कागदाला मात्र अजिबात नाही.

मुलांचे तीन गट करा. प्रत्येक गटाला एक चेंडू आणि एक कागद द्या. एका गटाने फक्त कापून, दुसऱ्याने फक्त दुमडून चेंडूचा अर्धा भाग झाकायचा. तिसऱ्या गटाला कागदाऐवजी जुन्या टी-शर्टचा तुकडा द्या. मग तिघांनी एकमेकांचं काम बघून सांगायचं : कुणाचं सर्वांत गुळगुळीत झालं? कुणाचं सर्वांत भक्कम? कुणाला सर्वांत कमी जोड द्यावे लागले?

पालकांना एक विनंती. तुमच्यापैकी कुणी शिवणकाम करत असेल, तर या तासिकेला जरूर या. ब्लाउजचा टक्स कुठे घ्यायचा आणि तो कुठे संपवायचा, हे जे तुम्ही हाताने ठरवता तीच ही भूमिती आहे. आपल्या आईच्या हातात ही भूमिती रोज असते हे मुलाला वर्गात सगळ्यांसमोर कळलं, तर पुस्तकातलं प्रमेयही जवळचं वाटतं.

४. एक जमाखर्च : ७२० अंश

आता थोडं कोडं घालू. समभुज त्रिकोण एका बिंदूभोवती मांडा. सहा मांडले की ६ × ६० = ३६० अंश, सपाट बसतात. पाचच मांडून कडा जुळवल्या की टोपी तयार होते, कारण ६० अंश कमी आहेत. सात मांडले की खोगीर होतं, कारण ६० अंश जास्त झाले.

प्रत्येक कोपऱ्याशी ३६० ला किती अंश कमी पडतात ते मोजा आणि बेरीज करा.

- घन : ८ कोपरे, प्रत्येकी ९० अंश कमी. एकूण ७२०.
- चार समभुज त्रिकोणांचा पिरॅमिड : ४ कोपरे, प्रत्येकी १८० कमी. एकूण ७२०.
- पंचकोन-षटकोनांचा जुना काळा-पांढरा फुटबॉल : ६० कोपरे. प्रत्येक कोपऱ्यात दोन षटकोन आणि एक पंचकोन, म्हणजे १२० + १२० + १०८ = ३४८. प्रत्येकी १२ कमी. एकूण ७२०.

सपाट पृष्ठांची बंद आकृती कोणतीही असो, तिला भोकं किंवा वडीलधाऱ्या कढईसारखे आरपार कान नसले की बेरीज ७२० च येते (खोगिरासारखा कोपरा आला तर तिथली जास्तीची रक्कम वजा धरायची). हा नियम रेने देकार्तच्या नावाने ओळखतात. तुकडे लहान केले, कोपरे वाढवले, तर प्रत्येक कोपऱ्याचा वाटा कमी होतो, पण एकूण रक्कम तीच राहते. संगणकावर काम करताना मुलांच्या डोक्यात हा जमाखर्च पक्का असावा : तूट वाटून घेता येते, मिटवता येत नाही.

५. तिसरी तासिका : संगणकावर नमुना काढू

यासाठी ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्याला ‘एक्स्पोर्ट पेपर मॉडेल’ नावाचं जोड-साधन मिळतं, ते कागदी नमुना पीडीएफमध्ये काढून देतं. खास कागदी प्रतिकृतींसाठी पेपाकुरा डिझायनर हे जपानी सॉफ्टवेअरही प्रसिद्ध आहे. पायऱ्या सगळीकडे साधारण सारख्याच.

पायरी १ : आकार तयार करणे. ‘यूव्ही स्फिअर’ घ्या, त्रिज्या ७ सेमी. सेगमेंट १२ आणि रिंग ९ ठेवा. आता हा खरा गोल राहिलेला नाही. तो लहान लहान सपाट तुकड्यांचा गोल आहे. संगणकाने चलाखी इथेच केली हे मुलांना दाखवा. प्रत्येक तुकडा सपाट असल्यामुळे पुढे उलगड अगदी अचूक होते. चूक गेली कुठे? ती आकारात आली. १२ सेगमेंटच्या ‘विषुववृत्ता’ची लांबी ४४ नाही, जास्तीत जास्त सुमारे ४३.५ सेमी भरते. सेगमेंट ६ ठेवले तर ४२ आणि २४ ठेवले तर सुमारे ४३.९. तुकडे वाढवले की आकार गोलाच्या जवळ जातो, पण कापण्याचं आणि चिकटवण्याचं काम दुपटीने वाढतं. किती तुकडे ठेवायचे हा पहिला निर्णय.

पायरी २ : शिवणी ठरवणे. ज्या कडांवर कापायचं त्या निवडून ‘मार्क सीम’ करा. उभ्या कडांवर शिवण घाला, पण मधला आडवा पट्टा अखंड ठेवा. रिंग विषम, म्हणजे ९, घेतल्यामुळे मधोमध असा पट्टा मिळतो आणि फाका एकमेकींना कमरेशी जोडलेल्या राहतात. फाकेची लांबी साधारण २२ सेमी. ए-फोर कागद २१ × २९.७ सेमीचा, म्हणून एका पानावर चार फाका उभ्या बसवा आणि पट्टा तीन ठिकाणी कापा. तीन पानांत गोल पूर्ण होतो.

सॉफ्टवेअर शिवणी आपोआपही घालून देतं. तसंही एकदा करून बघा आणि दोन्ही नमुने शेजारी ठेवा. आपोआप आलेल्या नमुन्यात तुकडे पाहिजे तसे विखुरलेले असतात, जोड नको तिथे येतो. शिवण कुठे दिसलेली चालेल, कुठे ताण कमी येईल, जोडताना हात कुठून आत जाईल, हे संगणकाला माहीत नसतं. शिंप्याला माहीत असतं. हा दुसरा निर्णय आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा.

पायरी ३ : माया सोडणे. शिंपी शिलाईसाठी माया सोडतो, तशी कागदाला डिंकासाठी अर्धा सेमी पट्टी हवी. जोडाच्या दोन कडांपैकी एकीलाच पट्टी ठेवा. प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंनी एकच क्रमांक द्या, नाहीतर बारा सारख्या फाकांमध्ये गोंधळ ठरलेला.

पायरी ४ : छापणे. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘फिट टू पेज’ बंद करून माप १०० टक्के ठेवा. नमुन्याच्या कोपऱ्यात १० सेमीची एक रेघ काढून ठेवा आणि छापल्यावर पट्टीने मोजा. ती ९.७ भरली, तर सगळा नमुना लहान झाला आहे, कात्री लावू नका.

६. रंग बघायला शिकवा

आता एक वेगळा प्रयोग. चेंडूचा वरचा अर्धा भाग घ्या आणि एकही शिवण न घालता ‘अनरॅप’ करा. सॉफ्टवेअर कुरकुर करत नाही, छान गोल चकती काढून देतं! इथेच मुलं फसतात. यूव्ही एडिटरमध्ये ‘डिस्प्ले स्ट्रेच’ चालू करा. जिथे माप फारसं बिघडलं नाही तिथे निळा, जिथे फार बिघडलं तिथे लाल रंग दिसतो.

असं का होतं? ब्लेंडरची नेहमीची अनरॅप पद्धत मुख्यतः कोन सांभाळते. चित्राचा रंग एखाद्या आकारावर चढवायचा असेल तेव्हा तेच सोयीचं असतं. पण कोन सांभाळले की क्षेत्रफळ बिघडतं. अर्ध्या गोलाचे कोन तंतोतंत राखून चकती केली, तर कडेची मापं मध्याच्या तुलनेत दुप्पट होतात. अशा चकतीवरून कापड कापलं तर ते बसणार कसं?

हीच गोष्ट भूगोलाच्या तासाला भिंतीवर टांगलेली असते. गेरार्ड मर्केटरने १५६९ मध्ये केलेला जगाचा नकाशा कोन सांभाळतो, म्हणून खलाशांना दिशा ठरवायला तो उपयोगी पडला. पण त्यात ६० अंश अक्षांशावर लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट होतात, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. त्या नकाशात ग्रीनलँड भारतापेक्षा कितीतरी मोठा दिसतो. प्रत्यक्षात ग्रीनलँडचं क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किमी आणि भारताचं ३२.८७ लाख. अनरॅपच्या चकतीतला लाल रंग आणि नकाशातला फुगलेला ग्रीनलँड हे एकाच कारणाचे परिणाम आहेत. भूगोलाच्या शिक्षकांना सोबत घेऊन ही तासिका घेतली तर फारच उत्तम.

७. कागद नसेल तर?

सामान बदललं की नमुना बदलतो. मोठ्या कारखान्यांतल्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी वेगळ्या आज्ञा असतात. ऱ्हायनोमध्ये ‘अनरोल’ ही आज्ञा उलगडणाऱ्या पृष्ठभागांसाठी आहे आणि ‘स्क्विश’ ही दुहेरी वक्रतेसाठी. दुसऱ्या आज्ञेत सामान थोडं ताणलं किंवा दाबलं जाणार हे गृहीत असतं आणि ते कुठे किती हे आपल्याला तपासावं लागतं. पत्रा वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, म्हणून पत्र्याच्या जाडीचा हिशोब धरावा लागतो. कापड उभ्या धाग्यावर कमी ताणतं आणि उरेब जास्त, म्हणून नमुना कापडावर कसा ठेवला यालाही महत्त्व आहे.

ताणून बसवायच्या तंबूसारख्या छपरांचे तुकडे तर मुद्दाम थोडे लहान कापतात, ताणल्यावर ते बरोबर मापात येतात. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी बांधलेलं तारांच्या जाळ्याचं छप्पर या विषयातला मैलाचा दगड मानतात. फ्राय ओटो याने त्यासाठी लहान प्रतिकृती करून आकार शोधला, आणि क्लाउस लिंकविट्झ व जॉन अर्गायरिस यांच्या गटांनी त्या काळच्या संगणकांवर तारांच्या मापांचा हिशोब केला. आज शाळेतल्या संगणकावर जे बटण आहे, त्यामागे अशी मेहनत आहे.

८. मूल्यमापन : गुण कशाला द्यायचे?

तयार गोल किती सुबक झाला याला कमी गुण ठेवा. नमुन्यासोबत मुलाने चार ओळी लिहायच्या, त्यांना जास्त गुण द्या.

१. मी किती तुकडे ठेवले आणि का?
२. शिवण कुठे घातली आणि का?
३. जास्तीचा घेर मी कापला, दुमडला की ताणला?
४. माझा गोल खऱ्या गोलापेक्षा कुठे वेगळा आहे? (दोरा लावून मोजलेलं माप लिहा.)

चौथ्या प्रश्नाला ‘कुठेच नाही’ असं उत्तर आलं, तर दोरा हातात देऊन मुलाला पुन्हा मोजायला पाठवा.

घरी करायला एक काम : जुना, टाकाऊ चेंडू, फाटकी टोपी किंवा बिनकामाचा बूट घ्या. मोठ्यांच्या मदतीने शिवणी उसवा, तुकडे सपाट ठेवून कागदावर गिरवा. कोणता तुकडा सपाट बसला आणि कोणता हट्टाने फुगलेला राहिला, ते लिहून आणा. फुगलेल्या तुकड्याबद्दल वर्गात बोलू. तिथे ज्याने तो बनवला त्याने कापण्या-दुमडण्याऐवजी ताणण्याची वाट निवडली असणार.

वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांची उत्तरं जपून ठेवा. शिवण कुठे घालावी यावर दोन मुलांचं भांडण झालं, तर लगेच मिटवू नका. दोघांनाही आपापला नमुना कापू द्या आणि दोन्ही गोल शेजारी ठेवून वर्गालाच ठरवू द्या.